भलत्या घरातला बैल

पिंपळवंडीचा हौशीराम पेंटर एकेकाळी काय माणूस होता, हे आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या पाठी, ग्रामपंचायतीच्या भिंती, डेअरीचा फळा, लग्नघराच्या दारावरचे गणपती. आळेफाट्यापासून नारायणगावापर्यंत रंगवलेलं काहीही बघा, खालच्या कोपऱ्यात लांब शेपटाचा एक 'हौ' असायचाच. मग फ्लेक्स आले. दोन तासांत बोर्ड तयार, वर मालकाचा गॉगलवाला फोटो. हौशीरामाचे रंगाचे डबे वाळले, शिडीवर कोंबड्या झोपायला लागल्या. राहिला फक्त हात, आणि त्या हाताचा भलताच अभिमान.

त्या अभिमानातून त्याची कॅलेंडरं निघाली. आजोबांच्या काळातली वाटावीत अशी. जाड कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा करायचा, सावलीत वाळवायचा, वरून इस्त्री फिरवायची. वरच्या अंगाला बैलजोडी नाहीतर मारुती काढायचा, खाली चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने आखायचे आणि तारखेचं एकेक घर बोरूनं भरायचं. वर-खाली पत्र्याची पट्टी, टांगायला सुतळी. पहिल्या वर्षी त्यानं घरात उरलेला चहाच वापरला होता, साखरेसकट. आषाढ लागेपर्यंत मुंग्यांनी चैत्र-वैशाख साफ केले. त्याची बायको साळुबाई ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगते.

पुढं तो सुधारला. वर्षाला आठच व्हायची, पण गावाला ती हवी असायची, आणि त्याला कारण होतं. पुण्या-मुंबईच्या छापील कॅलेंडरात पोळा असतो श्रावणी अमावास्येला. आमच्या जुन्नर-आंबेगावाकडं पोळा भाद्रपदाच्या अमावास्येला, गणपती जाऊन पितरं जेवून गेल्यावर. का, ते विचारू नका. आहे ते आहे. हौशीरामाच्या कॅलेंडरात भाद्रपदाच्या शेवटच्या घरात शिंगं रंगवलेला इवलासा बैल उभा असायचा, आणि बेल्ह्याच्या बाजाराचे सोमवार लाल टिंबांनी दाखवलेले असायचे. म्हणून लोक म्हणायचे, हे आपलं कॅलेंडर. आठांतलं एक जायचं मारुतीच्या देवळात. सभामंडपात घंटेच्या शेजारी एक खिळा होता, त्याच्यावर अकरा वर्षं दुसऱ्या कुणाचं काही लागलं नव्हतं. हौशीराम त्या खिळ्यासाठी जगत होता म्हटलं तरी चालेल.

आणि मग गेल्या मार्गशीर्षात त्याच्या ऋषीचं लग्न झालं.

सून आली सिन्नरकडची. नाव श्रेया, चित्रकलेचा कोर्स केलेली, बोलायला मोकळी. ऋषी चाकणला कंपनीत, रविवारी घरी. बाकीचे दिवस घरात सासू, सासरा आणि ही. आल्याच्या चौथ्या दिवशी तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि उभीच राहिली.

"मामा, हे तुम्ही हातानं केलंय? घरी? मला शिकवाल?"

सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची रीत. हौशीराम इतका खूश झाला, की आठ दिवस त्यानं तिला समोर बसवून बोरू कसा तासायचा, पट्टी कशी ठोकायची, आकड्यांच्या पोटात किती हवा ठेवायची, सगळं दाखवलं. नवव्या दिवशी तिनं स्वतः एक करून आणलं. तो दिवस खरं तर सोन्याचा म्हणायचा. हौशीरामाला तो तापासारखा लक्षात राहिला.

कारण ते कॅलेंडर चांगलं होतं. नुसतं चांगलं असतं तर त्यानं पाठ थोपटली असती. ते त्याच्यापेक्षा चांगलं होतं. तिच्या बैलांच्या नाकपुड्या बघून आता हे फुरफुरतील असं वाटायचं. त्याचे बैल चाळीस वर्षं टेम्पोच्या पाठीवर उभे होते तसेच उभे राहायचे, ताठ. आणि कागद! त्याच्या चहातल्या कागदावर कुठं गडद डाग पडायचे, कुठं पांढरं राहायचं. तिच्या कागदाला एकसारखा मधाचा रंग आला होता, जुन्या दप्तरातून काढल्यासारखा. हौशीरामानं कागद नाकाशी नेला. चहाचा वास नाही. दुपारी सगळे झोपल्यावर त्यानं स्वयंपाकघरात जाऊन चहापत्तीचा डबा उघडून पाहिला. डबा होता तेवढाच होता. कॉफी तर घरात नव्हतीच.

कशानं केलं, हे विचारलं असतं तर पोरीनं एका मिनिटात सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे मान खाली घालायची. ज्या पोरीला परवा बोरू धरायला शिकवलं, तिला विचारायचं? त्यापेक्षा माणूस उपाशी राहील.

फाल्गुनात राघू आला. राघू म्हणजे देवळाच्या कमिटीतला पुढारी, दावणीला शर्यतीच्या गाड्याची दोन खिल्लारं, आणि आवाज असा की घरात बोलला तरी वेशीवर ऐकू जावं. तो दरवर्षी पाडव्याच्या आधी देवळाचं कॅलेंडर सांगायला यायचा. ओसरीवर श्रेयाचं नवं कॅलेंडर वाळत घातलं होतं. राघूनं आधी बैल पाहिले. बैलवाला माणूस तो.

"आयला पेंटर, ही खोंडं तुमी काढली?"

"सुनंनं."

"लई जबरी राव! मग यंदा देवळात हेच लावू की. न्हाई म्हणजे, घरातलंच हाय. तुमचं काय, सुनंचं काय."

"लाव की," हौशीराम म्हणाला. आणि पाणी प्यायला म्हणून उठून आत गेला, तो राघू जाईपर्यंत बाहेर आला नाही.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. साळुबाईनं विचारलं, "पोटात दुखतंय का?"

"न्हाई."

"मग डोक्यात दुखत आसंल," ती म्हणाली आणि ताट उचललं. चाळीस वर्षांच्या संसारात बाईला तेवढं कळतं.

बातमी पसरली. बचत गटाच्या बायका येऊन सांगून गेल्या, आम्हाला पण पाहिजे, आम्हाला पण. चाळीस झाली. चाळीस कॅलेंडरं एकेक हातानं लिहिणं कुणाच्या बापाला जमणार? श्रेयानं डोकं लावलं. एक मूळ प्रत मन लावून काढायची, नारायणगावच्या दुकानातून मोठ्या कागदावर तिच्या काळ्या झेरॉक्स काढायच्या, मग कागद रंगात बुडवायचे आणि चित्रं हातानं रंगवायची. हौशीराम मनात म्हणाला, झेरॉक्स! ही काय कला झाली? पण मनातच म्हणाला, कारण मोठ्यानं म्हटलं असतं तर साळुबाई हसली असती.

मूळ प्रत झाली आणि ती घेऊन श्रेया त्याच्यापुढं बसली.

"मामा, एकदा नजरेखालून घाला. काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा, नंतर चाळीस ठिकाणी चुकेल."

हौशीरामानं चष्मा पुसला, नीट कानांवर बसवला आणि प्रत मांडीवर घेतली. खरं सांगायचं तर तो चूक बघत नव्हता, चूक शोधत होता. चैत्र बरोबर. वैशाख बरोबर. यंदा अधिक ज्येष्ठ आलेला, तिथं तरी घसरली असेल म्हणून त्यानं तिथी बोटांवर मोजल्या. बरोबर. त्याला राग यायला लागला. आषाढ बरोबर. आणि मग श्रावणाच्या शेवटच्या घरात त्याचं बोट थांबलं.

तिथं बैल होता. शिंगं रंगवलेला, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, आणि खाली छोट्या सुबक अक्षरांत 'पोळा'.

पोरगी सिन्नरकडची. तिकडं पोळा श्रावणात. माहेरच्या सवयीनं तिनं बैल भलत्या घरात बांधला होता. लग्न होऊन तीन महिने झालेले, इथला पोळा तिनं अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. त्याच्या कॅलेंडरात बैल कुठल्या महिन्यात उभा आहे, तिकडं तिचं लक्ष गेलं नसणार. तिला कोण सांगणार? तोच सांगणार होता. त्यासाठीच ती पुढं बसली होती, हाताला शाई, डोळे त्याच्या बोटाकडं.

त्यानं बोट उचललं आणि पुढं भाद्रपदावर नेलं. तिथं अमावास्येच्या घरात फक्त 'सर्वपित्री' लिहिलं होतं.

"चांगलं झालंय," तो म्हणाला.

"काही चुकलं नाही ना?"

"न्हाई. छाप."

"आणि खाली नाव कसं टाकू?"

"तुझंच टाक की. तुझंच काम हाय."

हे बोलताना त्याला इतका आनंद झाला, की त्याची त्यालाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. त्या दिवशी तो दोन भाकरी जेवला.

पाडव्याला चाळीस घरांत कॅलेंडरं लागली. देवळातल्या खिळ्यावर श्रेयाचं लागलं, जरा उंचावर. हौशीराम त्या दिवसापासून देवळात गेला की मान खाली घालून मारुतीला नमस्कार करायचा आणि खिळ्याकडं न बघता परत फिरायचा. घरातलं कॅलेंडर स्वयंपाकघरात होतं. त्याला तारीख हवी असली की तो ओसरीवरून ओरडून साळुबाईला विचारायचा. कॅलेंडराच्या जवळ जाणं त्यानं सोडलंच.

आणि गाव! गाव जखमेवर मीठ चोळायलाच बसलेलं. केस कापायला गेला, न्हावी म्हणाला, "पेंटर, सुनंनं नाव काढलं बरं का तुमचं." डेअरीवर गेला, तिथं तेच. "नाव काढलं हं सुनंनं!" राघूनं तर भर चौकात खांद्यावर थाप मारली. "लई बारीक नाव काढलंय, पर काढलंय झकास." हौशीराम दात विचकून हसायचा आणि घरी येईपर्यंत धुमसत राहायचा. चाळीस वर्षं ह्या हातानं अख्ख्या तालुक्याची नावं काढली. आणि माझं नाव आता ही कालची पोर काढणार! बारीक म्हणे, बारीक! थांबा. श्रावणी अमावास्या येऊ द्या. बघू मग कुणाचं नाव निघतंय.

तो दिवस मोजत होता. रोज.

पोरगी वाईट असती तर बरं झालं असतं. आषाढात एकदा ती ब्रश घेऊन त्याच्याजवळ आली. "मामा, तुमच्या 'हौ'चं शेपूट माझ्याच्यानं अजून नीट येत नाही. मनगट कुठं वळवता?" ती ते शेपूट कशाला गिरवते, हे त्यानं विचारलं नाही. पण त्यानं ब्रश हातात घेतला, आणि जुन्या पत्र्यावर एका दमात लांबलचक शेपूट ओढलं, कुठंही न थरथरता. तिनं टाळी वाजवली. खरी, आतून आलेली टाळी. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्याच्या हाताकडं असं पाहत होतं. त्याच्या ओठांवर आलं, पोरी, तुझा श्रावणातला बैल चुकलाय गं. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात दूधवाला दारात येऊन ओरडला, "काय पेंटर, नाव काढलेल्या सुनंकडनं शिकताय व्हय आता!"

हौशीरामानं तोंड मिटलं. ब्रश रॉकेलात बुडवला आणि उठला.

श्रावणी अमावास्येला तो पहाटेच अंघोळ करून, धुतलेली बंडी घालून मारुतीच्या पारावर जाऊन बसला. त्याच्या मनात फार मोठं काही नव्हतं. आज कुणीतरी कॅलेंडर बघेल, बैल बघेल, हसेल. दुसऱ्याला सांगेल, तो हसेल. संध्याकाळपर्यंत गाव म्हणेल, सुनेला आपला पोळा माहीत नाही, पेंटरचं काम पेंटरचंच. एवढंच त्याला हवं होतं.

आला मात्र बँड.

नऊच्या सुमाराला एक टेम्पो देवळापुढं थांबला. त्यातून लाल कोटवाले पंधरा जण उतरले, ढोल आवळले, आणि मास्तरनं इकडंतिकडं बघून इशारा करताच वाजवायला लागले. मिरवणुकीची चाल! घराघरातून माणसं बाहेर आली. कुणाच्या हातात विळा, कुणाच्या तोंडात ब्रश. गणपती अजून बसायचे होते, मखरांना रंग द्यायचं चाललं होतं, आणि हे पोळ्याची वाजंत्री घेऊन आले! बैल सगळे रानात. एकाच्याही शिंगाला रंग नाही.

राघू पळत आला. "आरं बंद करा! कुणी सांगितलं तुमाला?"

"तुमीच की, पावणं," बँडमास्तर म्हणाला. "जुलैत फोन केला तुमी. हीच तारीख दिली. आन् खऱ्या पोळ्याला म्हणाल तर आमी दुसऱ्या गावात बांधलोय. तवा न्हाई जमायचं."

राघू डोकं खाजवायला लागला. अधिक महिन्यानं यंदा सगळे सण पुढं ढकलले गेले होते, तिथीचा घोळ नको म्हणून तो देवळात आला होता, कॅलेंडरात रंगवलेला बैल शोधला होता आणि त्या घरातली तारीख मास्तरला सांगून टाकली होती. तारीख सप्टेंबरातली, म्हणजे नेहमीसारखीच वाटली. अकरा वर्षं तो असंच करत आला होता.

तो तडक सभामंडपात गेला, खिळ्यावरचं कॅलेंडर काढून पारावर घेऊन आला आणि श्रावणाच्या घरावर बोट आपटलं.

"बघा! श्रावणात बैल!"

झालं. पार हसायला लागला. हौशीरामाच्या छातीत गोड कळ आली. सहा महिने वाट पाहिलेली घटका, आणि वर बँडसकट! त्यानं चेहरा गंभीर केला आणि म्हणाला, "आता काय बोलावं राव. नवी पोर हाय. तिला कुठनं ठावं आसंल?"

"तिला ठावं नसंल," राघू म्हणाला. "तुमाला तर हाय ना? पेंटर, तुमच्या नावावर मी डोळं झाकून तारीख दिली."

"माझ्या नावावर? माझं काय त्यात? ते सुनंचं हाय."

"मग हे कुनाचं हाय?"

राघूनं कॅलेंडर त्याच्या मांडीवर टाकलं. खाली, पट्टीच्या जरा वर, वेलबुट्टीची किनार होती. वेलीच्या पानांत गुंफलेली बारीक अक्षरं होती. हौशीरामानं चष्मा लावला. आधी त्याला दिसलं ते शेपूट. त्याच्या 'हौ'चं लांब शेपूट, त्याच्यासारखंच, वेलीच्या तणाव्यासारखं पार कोपऱ्यापर्यंत गेलेलं. मग अक्षरं लागली.

'हौशीराम पेंटर यांच्या नजरेखालून. चित्रं : श्रेया.'

तिनं नाव काढलं होतं. खरोखरच काढलं होतं, ब्रशनं, बारीक, झकास. पाडव्यापासून सगळं गाव त्याला तेच तर सांगत होतं.

"पेंटरला पोळा इसरला!" मागून कुणीतरी ओरडलं. "वय झालं आता!" "आवो, चष्म्याचा नंबर बदला!" बँडवाल्यांतला एक झांज वाजवून गेला. अख्खा पार हसत होता, आणि हौशीरामावर हसत होता. विसरलो नाही, असं सांगायचं, तर मग मुद्दाम गप्प बसलो असं सांगावं लागणार. विसरलो म्हणायचं, तर पेंटर म्हणून जे काही उरलं होतं तेही गेलं. तो कॅलेंडर मांडीवर घेऊन तसाच बसला.

तेवढ्यात गर्दीतून श्रेया आली. बँडचा आवाज ऐकून आलेली, हाताला अजून पीठ. तिनं मांडीवरचं कॅलेंडर पाहिलं, श्रावणातला बैल पाहिला, सासऱ्याचा चेहरा पाहिला.

"राघूकाका, चूक माझी आहे," ती म्हणाली. "आमच्या सिन्नरकडं श्रावणातच असतो. मी मामांना दाखवलंच नव्हतं. घाईत छापून आणलं, आणि नाव आपलं मानानं टाकलं. त्यांना बोलू नका."

"मग तसं सांग की पोरी," राघू नरमला. "उगं म्हाताऱ्याला बोललो. व्हतं आसं. तुला काय म्हायती आमच्यातलं."

लोक पांगले. बँडवाल्यांना कुणीतरी चहाला नेलं. आणि एवढ्या वेळात हौशीराम एक अक्षर बोलला नव्हता. बोलायला तोंड होतं, वेळ होती, सगळं होतं. तो गप्प बसला. एकदा फाल्गुनात बसला होता, तसाच.

घरी जाताना ती दोन पावलं पुढं चालत होती. दारात चप्पल काढताना ती पाठमोरीच म्हणाली, "मला वाटलं, त्या दिवशी चष्मा नसेल तुमच्या डोळ्यांवर."

तिनं वाट करून दिली होती. हो म्हटलं की सुटला.

"व्हता," हौशीराम म्हणाला.

ती वळली. तिच्या तोंडाकडं त्याला बघवेना. ती रागावली असती, काही बोलली असती, तर सोपं गेलं असतं. ती नुसती "बरं" म्हणाली आणि पीठ मळायला आत गेली.

हौशीराम ओसरीवर बसून राहिला. साळुबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती त्याच्याकडं बघत म्हणाली, "पोटातलं निघालं का भाईर?"

"साळू, तू गप बस."

"मी गपच हाय. तुमी बोला. तिच्याशी."

त्याला उठायला अर्धा तास लागला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तो उभा राहिला. भिंतीवर ते कॅलेंडर होतं. पाडव्यापासून पहिल्यांदाच त्यानं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"पोरी, ते श्रावणातलं घर झाकाया लागंल," तो म्हणाला. "वरनं कागद चिकटवू. पर रंग जुळला पायजे. माझा चहाचा कागद न्हाई जुळायचा." आणि मग विचारलं, "तू कागदाला कशाचं पाणी देतीस?"

श्रेयानं पोळपाटावरून हात उचलला. "हिरड्याचं, मामा."

"हिरड्याचं?"

"आत्यांनी सांगितलं."

हौशीरामानं बायकोकडं पाहिलं. तळेघरची एक बाई दरवर्षी पाटीभर हिरडे विकायला यायची, ते साळुबाई पोटाच्या औषधाला फोडून उकळायची. हे त्याला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं.

"हिरडं उकळताना पाणी सांडून माझ्या किती लुगड्यांचं पदर पिवळं झालं," साळुबाई म्हणाली. "धुऊन जात न्हाई तो डाग. एकसारखा बसतो. अकरा वर्सं तुमी चहात हात घालून बसलात. कधी इचारलं मला? हिनं आल्या आल्या इचारलं, आत्या, ह्यो रंग कशाचा."

हौशीरामानं कोपऱ्यातली हिरड्यांची पाटी उचलून चुलीजवळ आणली.

दुपारी चुलीवर हिरडे उकळले. श्रेयानं कागद बुडवला, वाळवला, आणि अंगठ्याएवढे तुकडे कापले. निम्म्यांवर बैल काढायचे होते, भाद्रपदाच्या घरात बांधायला. हौशीरामानं ब्रश तिच्याकडं सरकवला. "बैल तूच काढ. माझं बैल नुसतं उभं राहत्यात." ती पहिल्यांदा जराशी हसली. जराशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो गावभर फिरला. हातात खळीची वाटी, पिशवीत तुकडे. पहिल्या घरात त्यानं कागद चिकटवला आणि काही न बोलता निघून आला. दुसऱ्या घरातही तसंच. तिसऱ्या घरच्या म्हातारीनं विचारलं, "सुनंची चूक निस्तरताय व्हय पेंटर?" तेव्हा त्याचा हात थांबला. "तिची न्हाई," तो म्हणाला. "तिनं मला दावलं व्हतं. मला दिसलं व्हतं. मी सांगितलं न्हाई." म्हातारीला ते नीट कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा सांगितलं. मग तो मागं फिरून पहिल्या दोन घरांतही सांगून आला. चाळीस घरं म्हणजे काही थोडी नव्हेत. कुणी हसलं, कुणी तोंड फिरवलं. एका बाईनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

देवळात तो सगळ्यात शेवटी गेला. राघू घंटेखाली बसून दुसरा बँड मिळतो का म्हणून फोन लावत होता. हौशीरामानं खिळ्यावरचं कॅलेंडर उतरवलं, पारावर पसरलं, श्रावणातला बैल झाकला, भाद्रपदात नवा बसवला, बोटानं दाबून कडा बसवल्या. जोड कुठं आहे ते कळत नव्हतं. मग त्यानं पिशवीतून अजून एक तुकडा काढला. हा लांबट होता. श्रेयाला न सांगता त्यानंच कापलेला.

राघूनं फोन खाली ठेवला. "आता ह्यो कशाला? बैल तर बसला की जागेवर."

"खालच्या नावावर लावायचाय."

"याड लागलं का पेंटर? आवो, सुनंनं नाव काढलंय तुमचं!"

"तिनं काढलं राघू," हौशीराम म्हणाला, आणि तुकड्याला खळ लावली. "मी घालवलं."